इच्छाच मेली तर ते डोहाळे कसले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबड एमआयडीसीत शिफ्टला जाणारे एक दादा विचारतायत, बायकोला सहावा महिना लागलाय, दीड महिन्यापासून ती धड बोलत नाही, रात्री भिंतीकडे तोंड करून रडते, जेवण म्हणजे दोन घास, घरी शिकवण्या घ्यायची त्या पण बंद केल्या. आई म्हणते डोहाळे आहेत, सातव्यात माहेरी येवल्याला पाठव, आपोआप बरी होईल. तीन वर्षांपूर्वी तिची डिप्रेशनची ट्रीटमेंट झालेली, गोळ्या चालू होत्या, प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी तिने त्या बंद केल्या. तर हे डिप्रेशनच आहे का, गोळ्या परत सुरू केल्या तर बाळाला काय होईल आणि आईला काय सांगू, असे तीन प्रश्न.

दादा, आधी उत्तर देते मग बाकीचं बोलते. तुम्ही लिहिलंय त्यावरून डिप्रेशन परत आल्याची शक्यता बरीच आहे. पेशंट समोर बसल्याशिवाय नक्की म्हणणार नाही, पण सातव्या महिन्याची वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा. आम्ही दोन आठवडे सलग लक्षणं असली तरी डिप्रेशनचा विचार करतो, तुमच्याकडे तर सहा आठवडे झालेत आणि आधीची हिस्टरी पण आहे.

मी नाशिकात मानसोपचाराची प्रॅक्टिस करते त्याला वीस वर्षं होऊन गेली, आणि गरोदर बायका माझ्याकडे येतात त्या बहुतेक उशिराच येतात. कारण असं की या दिवसांत झोप तशीही जाते, भूक जाते, पाय दुखतात, थकवा असतो, त्यामुळे जे काही होईल ते सगळं पोटातल्या बाळाच्या खात्यावर जमा होतं. ती रडली, हार्मोन्स. जेवली नाही, उलट्या. बोलली नाही, डोहाळे. आता डोहाळे या शब्दाकडे जरा बघा ना. डोहाळे म्हणजे काय, तर इच्छा. रात्री अकराला कैरी पाहिजे, कॉलेज रोडची भेळच पाहिजे, घरातल्या भाजीचा वास नको पण शेजारच्या काकूंकडची तीच भाजी चालते. नखरे वाटतील पण तिला काहीतरी हवं असतं. डिप्रेशनमध्ये हे हवं असणंच जातं. काय आणू विचारलं तर "काहीच नको". साडी दाखवली तरी "ठेवा कुठंही". इच्छाच मेली तर ते डोहाळे कसले?

म्हणून गरोदर बाईला मी झोप आणि भूक पहिल्यांदा विचारतच नाही. शेवटचं मनापासून हसू कधी आलं, पुढच्या आठवड्यात कुठल्या गोष्टीची वाट बघताय का, हे विचारते. ही माझ्या डोक्यातली आयडिया नाही बरं का. १९८७ मध्ये एडिनबरा स्केल म्हणून दहा प्रश्नांची एक चाचणी आली, बाळंतिणींसाठी बनवलेली पण आता गरोदरपणात पण वापरतात, मराठीत पण. तिच्यातले पहिले दोन प्रश्न याच अर्थाचे आहेत आणि थकवा, भूक असल्या गोष्टी त्यात मुद्दाम घेतलेल्या नाहीत, कारण त्या सगळ्यांनाच होतात. मागच्या सात दिवसांबद्दल विचारतात, एकूण मार्क तीस, साधारण तेरा किंवा वर गेले तर आम्ही नीट तपासतो. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, त्यात शून्याच्या वर काहीही आलं तर एकूण मार्क कितीही कमी असू देत, तो पेपर बाजूला पडत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. बीपी-वजन घेतात त्याच टेबलावर होऊ शकतं, पण आपल्याकडच्या बऱ्याच सोनोग्राफीच्या रांगांमध्ये कुणाला वेळच नसतो. असो.

हे फक्त तुमच्या घरात होतंय असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सांगते, विकसनशील देशांत गरोदर बायकांपैकी १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, आणि त्यात मुख्य डिप्रेशनच. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर सहा-सात जणी बसल्या असतील तर त्यातली एक. ती ओळखू येत नाही कारण ती पण बाकीच्यांसारखीच फाईल धरून बसलेली असते.

ओळखू न येण्यावरून एक सांगते, पेशंटची ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. दिंडोरीकडची द्राक्षबागायतदाराची सून होती, आठवा महिना. सासू मला मोबाईलवर डोहाळजेवणाचे फोटो दाखवत होती, हिरवी साडी, फुलांचे दागिने, चंद्रकोरीत बसलेली, धनुष्यबाण हातात, आणि प्रत्येक फोटोत ती हसतेय. "बघा मॅडम, हिला काय दुःख असंल?" मी सासूबाईंना बाहेर बसवलं आणि तिला विचारलं की त्या दिवशी कसं वाटत होतं. म्हणाली, फोटोग्राफर म्हणायचा हसा की हसायचे. मग म्हणाली, वाट्या उघडायला लावल्या, बर्फी निघाली, आणि सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या.

पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळ आपल्याकडे सगळ्यांना गंमत वाटतो. तिला पहिली मुलगी होती. त्या गप्प बसण्यात तिने पुढचे दोन महिने काढले. गर्भलिंग तपासणीला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, दवाखान्यात बोर्ड लागलेत, पण वाट्यांवर कुठला कायदा लागणार? गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांत २३ टक्के बायकांना डिप्रेशन सापडलं, आणि गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण यांच्यासोबत मुलगी होणं हा पण त्रास वाढवणारा घटक निघाला. तुमच्या घरी असं काही आहे असं मी म्हणत नाही दादा, पण "वंशाला दिवा" वगैरे शब्द घरात फिरत असतील तर ते तुम्ही थांबवायचे, तिने नाही.

आता दाखवायला जाल तेव्हा काय होईल ते सांगते म्हणजे घाबरायला नको. आधी रक्त तपासतील. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस, २०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका अॅनिमिक, म्हणजे रक्त कमी असलेल्या, निघाल्या, म्हणजे अर्ध्याहून जास्त, आणि हिमोग्लोबिन आठ-नऊ असलेली बाई उदास आणि गळालेली दिसणारच. थायरॉईड कमी असलं तरी तसंच. हे दुरुस्त करायला सोपं असतं. पण उलटं पण होतं, रिपोर्टमध्ये एचबी १० आलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, चला रक्तच कमी होतं, आणि लोहाच्या गोळ्यांवर सगळं सोडून देतात. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

मग डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलतील. तेव्हा तुम्ही बाहेर चहा प्यायला जा, राग मानू नका. घरातल्या भांडणाचं, मारहाणीचं आम्ही प्रत्येकीलाच विचारतो. तुमच्याबद्दल शंका आहे म्हणून नाही.

आणि एक गोष्ट आम्ही नक्की विचारू, तुम्हीच आठवून ठेवा. आधी कधी तिला अशी फेज आली होती का की आठवडाभर झोपच नाही पण एनर्जी भरपूर, खूप बोलणं, वायफळ खर्च, मोठमोठे प्लॅन? तसं असेल तर ते साधं डिप्रेशन नसून बायपोलर, म्हणजे मूड कधी फार वर तर कधी फार खाली जाणारा आजार, असू शकतं आणि गोळ्यांचा सगळा हिशोब बदलतो.

गोळ्यांचं आता. तुमचा खरा प्रश्न हाच आहे आणि मला माहितीये तुम्ही रात्री दोनला मोबाईलवर काय काय वाचलं असेल.

पहिलं म्हणजे तिने टेस्ट पॉझिटिव्ह आल्या दिवशी गोळ्या बंद केल्या त्याबद्दल तिला एक शब्द बोलू नका. प्रत्येक बाई हेच करते, आणि बऱ्याचदा मेडिकलवाल्यापासून मावशीपर्यंत कुणीतरी सांगितलेलं असतं. पण झालं काय असेल, की आजार दबलेला होता तो गोळीचा हात सुटल्यावर परत वर आला. अमेरिकेत २०१ गरोदर बायकांवरचा एक अभ्यास २००६ मध्ये आला, सगळ्या जुन्या डिप्रेशनच्या आणि गोळीवर बऱ्या असलेल्या. ज्यांनी गोळी बंद केली त्यातल्या ६८ टक्के जणींचा आजार उलटला, ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यात २६ टक्के. त्या बायकांचा आजार मुळात वारंवार येणारा होता, त्यामुळे हा आकडा प्रत्येकीला तसाच लागू होईल असं नाही, सौम्य आजारात फरक इतका नसतो. पण तुमच्या गोष्टीत आणि त्यात साम्य आहे.

दुसरं, बाळाचं. लोक असा विचार करतात की गोळी घेतली तर बाळाला धोका आणि नाही घेतली तर धोका शून्य. तसं नसतं हो. डिप्रेशनमध्ये आई जेवत नाही, वजन वाढत नाही, तपासणीची तारीख चुकवते, लोह-कॅल्शियम घेत नाही, काही जणी तंबाखू-मिश्रीकडे वळतात, मुदतीआधी बाळंतपण आणि कमी वजनाचं बाळ याची शक्यता थोडी वाढते, आणि बाळंतपणानंतर डिप्रेशन होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे गरोदरपणातलं उपचार न झालेलं डिप्रेशन. म्हणजे तराजूच्या दोन्ही पारड्यात काहीतरी आहे, एक पारडं रिकामं धरून वजन करू नका.

सर्ट्रालीन ही गोळी आम्ही गरोदरपणात सगळ्यात जास्त वापरतो, बऱ्याच वर्षांचा अनुभव तिच्यामागे आहे आणि दुधात पण फार कमी उतरते म्हणून स्तनपान चालू ठेवता येतं. धोका अजिबात नाही असं मी सांगणार नाही. शेवटच्या महिन्यांत अशा गोळ्या घेतलेल्या काही बाळांना पहिले काही दिवस थरथर, चिडचिड, दूध ओढायला कंटाळा असं होतं, बहुतेकांचं आपोआप जातं, बालरोगतज्ज्ञांना आधी सांगून ठेवायचं एवढंच. फुप्फुसातल्या रक्तदाबाचा एक दुर्मिळ त्रास आहे, तो हजारात साधारण दोन बाळांना होतो तिथे या गोळ्यांच्या गटात तीनच्या आसपास होतो. अवयव घडायचा काळ पहिल्या तीन महिन्यांचा, तो तर तुमचा उलटून गेलाय.

पण म्हणून कपाटातली जुनी स्ट्रिप काढून आज रात्री सुरू करू नका!! कुठली गोळी होती ते मला माहीत नाही. व्हॅल्प्रोएट नावाचं एक औषध मूडसाठी पण देतात, फिटसाठी पण देतात, ते गरोदरपणात टाळायचंच असतं, बाळाच्या मणक्याला आणि मेंदूला त्याने इजा होते. जुनी चिठ्ठी शोधा, नसेल तर रिकामी स्ट्रिप तरी, आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जा. झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, आणि "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" म्हणून अश्वगंधा पण नको, तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. आणि गोळी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही, दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. तेवढ्यात "काही उपयोग नाही" म्हणून बंद करणारे नवरे मी खूप बघितलेत.

सौम्य असेल तर गोळीशिवाय फक्त समुपदेशनावर पण भागतं, तेही खरं. यात एक गोष्ट मला फार आवडते. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तिथल्या लेडी हेल्थ वर्कर, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच बायका, त्यांना थोडं ट्रेनिंग दिलं आणि त्यांनी गरोदर बायकांच्या घरी जाऊन गप्पांमधूनच विचार बदलायचं काम केलं. २००८ मध्ये निकाल आला, बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटात २३ टक्के बायकांना डिप्रेशन राहिलं होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्के. पुढे गोव्यात पण शेजारपाजारच्या साध्या बायकांना शिकवून तेच करून बघितलं. म्हणजे प्रत्येक वेळी मोठा डॉक्टरच लागतो असं नाही, पण कुणीतरी ठरवून, दर आठवड्याला, यावं लागतं.

आता माहेराचं. इथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एक मुलगी आली होती, सातवा महिना, तुमच्या बायकोसारखीच. घरच्यांनी विचारलं माहेरी पाठवू का, मी म्हटलं हो हो, आईच्या हाताखाली बरं वाटेल. गोळी लिहून दिली पंधरा दिवसांची. ती गेली. फाईल सासरी कपाटात राहिली, तिकडच्या डॉक्टरीणबाईंना काहीच कल्पना नाही, आईला वाटलं गोळ्या कशाला आता माझ्याजवळ आहे ना, आणि लेकीला वाटलं मी आईकडे येऊन पण रडते म्हणजे मीच वाईट. बाळंत झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिला ॲडमिट करावं लागलं. नंतर बरी झाली, मुलगा आता कॉलेजला असेल, पण त्या मधल्या दोन महिन्यांचं खापर मी अजून माझ्याच डोक्यावर फोडते.

माहेर वाईट नाही. पण माहेर हा उपचार नाही, ती जागा बदलणं आहे, आणि नेमक्या त्याच महिन्यात डॉक्टर बदलतो, तपासणीची साखळी तुटते. पाठवायचं असेल तर आधी उपचार सुरू करा, तीन-चार आठवडे जाऊ द्या, मग पाठवा. सगळ्या कागदांचे फोटो तिच्या आणि तिच्या आईच्या मोबाईलवर. येवल्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी. आणि तिला जायचंय का हे तिला विचारा, मला वाटतं हे अजून कुणी विचारलेलं नसेल.

तुम्ही काय करायचं विचारलं नाहीत तरी सांगते. "पॉझिटिव्ह विचार कर, बाळावर परिणाम होईल" हे वाक्य बंद. तिला ते माहितीये, त्या भीतीनेच ती अर्धी झालीये. माझ्याकडे बायका हेच सांगतात, बाळ हलतं पोटात आणि मला आनंद होत नाही, मी कसली आई. त्यावर बोलायची गरज नाही, शेजारी बसा. शिफ्ट सुटल्यावर वीस मिनिटं तिला घेऊन चाला, गोल्फ क्लब मैदानापर्यंत जायची पण गरज नाही, कॉलनीतल्या कॉलनीत. शिकवण्या सगळ्या सुरू करायला लावू नका, पण एक मुलगा, आठवड्यातून दोन दिवस, एवढं तिच्याने होतंय का बघा. छोटं काम आधी आणि मूड मागून, उलटं होत नाही. रात्रपाळी असेल तर दोन महिने बदलून मिळते का सुपरवायझरला विचारा, कारण तिच्या रात्री वाईट जातायत.

आणि एक प्रश्न तुम्हाला विचारावाच लागेल. "तुला मरून जावंसं वाटतं का?" असाच सरळ. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो हा गैरसमज आहे, उलट बायका हुश्श करतात की कुणीतरी विचारलं. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, घरातली औषधं, फवारणीचं काही असेल ते कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, रात्र असेल तर कॅज्युअल्टी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलतात, तुम्ही पण करू शकता, पेशंटनेच करावा असं नाही. खर्चाचं टेन्शन असेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि दाखवायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते तेव्हा पण तिथल्या डॉक्टरांना हे सांगता येतं, पण तुम्ही ९ तारखेसाठी थांबू नका.

बाळंतपणानंतरचं थोडक्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं बऱ्याच जणींना होतं, दोन आठवड्यांत जातं. त्यापुढे राहिलं तर फोन करा. आणि पहिल्या पंधरा दिवसांत जर ती झोपायचीच बंद झाली, असंबद्ध बोलायला लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली, बाळाबद्दल विचित्र काही बोलली, तर तो वेगळा आजार आहे, हजारात एक-दोघींना होतो, ती इमर्जन्सी आहे. त्या वेळी कुणी "बाहेरचं झालंय" म्हणालं तरी आधी हॉस्पिटल.

राहिल्या तुमच्या आई. त्यांना डिप्रेशन शब्द सांगितला तर "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" हे येणार, लिहून घ्या. वाद घालू नका. त्यांनाच एकदा निवांत विचारा की तुमच्या वेळी तुम्हाला कसं गेलं होतं. माझ्या ओपीडीत या प्रश्नावर कितीतरी सासवा पदराने डोळे पुसायला लागल्यात, एकीने तर चाळीस वर्षांनी पहिल्यांदा सांगितलं की ती विहिरीपाशी जाऊन परत आली होती, सून शेजारी बसून ऐकत होती. मग सांगा की डॉक्टर म्हणाले बीपी-शुगरची गोळी असते तशीच ही पण आहे, बाळाला चालते, आणि तुम्ही तिच्याजवळ बसा. वणीला देवीची ओटी भरायची म्हणाल्या तर भरू द्या, ट्रॉलीने जा, पायऱ्या नकोत, आणि त्या दिवशीची गोळी पर्समध्ये ठेवायला विसरू नका.